हजार यार्डांआधीचे पन्नास मीटर

रेंजवर नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा काडतुसाचा असतो. .३०८ बरी की ६.५ क्रीडमोर? .३३८ लापुआ हजार यार्डांच्याही पुढे जाते म्हणतात, मग थेट तीच का घेऊ नये? परदेशात स्थायिक झालेला कुणी असेल तर त्याच्या यादीत .५० बीएमजीसुद्धा असते. माझे उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. मोठ्या बोअरची लांब पल्ल्याची नेमबाजी ज्याला खरोखर शिकायची आहे, त्याने सुरुवात मोठ्या बोअरपासून करू नये. हे मी काळजीपोटी सांगत नाही. हात, डोळा आणि मन ही कला कशी आत्मसात करतात, त्यावरून सांगतो.

आधी ताकदीचा अंदाज घेऊ. पन्नास मीटरच्या स्पर्धेत वापरतात त्या .२२ च्या गोळीचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि नळीतून बाहेर पडताना तिच्यात सुमारे १४० जूल ऊर्जा असते. .३०८ ची गोळी ११ ग्रॅमची आणि ऊर्जा साडेतीन हजार जूल. .३३८ लापुआ साडेसहा हजारांच्या घरात जाते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जॉन ब्राउनिंग यांनी मशीनगनसाठी आखलेले .५० बीएमजी हे काडतूस सतरा हजार जूलच्या आसपास पोचते. म्हणजे .२२ आणि .५० यांच्यात शंभरपटींहून जास्त अंतर आहे. .५० च्या रायफली बारा-चौदा किलोच्या असतात आणि नळीच्या तोंडाशी ब्रेक बसवलेला असतो, म्हणून खांदा वाचतो. पण तो ब्रेक जळलेला वायू बाजूला आणि मागे फेकतो. शेजारच्या जागेवर झोपलेल्या माणसाला ती थप्पड छातीत जाणवते.

हा धक्का आणि हा आवाज नवशिक्याचे खरे नुकसान करतात. शरीर फार लवकर शिकते, आणि चुकीची गोष्ट तर त्याहून लवकर. खटका दाबला की कानठळ्या बसणार, खांद्यावर गुद्दा बसणार, हे पाच-दहा गोळ्यांत मेंदूने नोंदवलेले असते. मग गोळी सुटण्याच्या क्षणाआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोटे आवळली जातात. नेमबाजाला स्वतःला याचा पत्ता नसतो, कारण धक्क्याच्या गोंधळात सगळे झाकले जाते. हे उघडे पाडण्याची जुनी युक्ती आहे. प्रशिक्षक स्वतः रायफल भरून देतो आणि न सांगता मधेच एखादे रिकामे, दारू नसलेले काडतूस आत सरकवतो. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा झोपलेला मुलगा चांगला धट्टाकट्टा होता, अकरा गोळ्या बऱ्या लागल्या होत्या. बाराव्या वेळी नुसता ‘टक्’ असा आवाज झाला आणि नळीचे टोक चार बोटे खाली आपटले. तो बराच वेळ मान वर करून नळीकडे बघत राहिला. त्यानंतर तीन आठवडे त्याने एकही जिवंत काडतूस उडवले नाही. रोज अर्धा तास रिकामी रायफल, नळीवर तोल सांभाळून ठेवलेले एक रुपयाचे नाणे आणि खटका. नाणे पडले की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून .२२. तिला धक्का जवळजवळ नाही, आवाज सौम्य, काडतूस त्यामानाने स्वस्त, आणि नळी वर्षानुवर्षे टिकते. शिवाय तिच्या गोळीला वेग कमी असल्यामुळे ती नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि तेवढ्या वेळात झालेली हाताची प्रत्येक हालचाल लक्ष्यावर उमटते. .२२ चूक लपवत नाही. पन्नास मीटरच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत याच पन्नास मीटरवर, झोपून मारण्याच्या प्रकारात, २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तीन आसनांत ४५१.४ गुण करून ऑलिंपिक पदक आणले, तेही पन्नास मीटरवर. हे अंतर कमी प्रतीचे नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

लांब पल्ला म्हणजे नेमके काय वेगळे, ते आता पाहू. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. शंभर यार्डांवर जुळवलेल्या .३०८ ची गोळी हजार यार्डांवर नेमाच्या रेषेखाली दहा मीटरहून जास्त उतरलेली असते. तीन मजली घराएवढा हा उतार. पण उतार ही सोपी बाब आहे. गुरुत्वाकर्षण रोज तेच असते. अंतर, गोळीचा वेग, हवेचे तापमान आणि दाब माहीत असले की किती ‘क्लिक’ द्यायचे ते तक्त्यात किंवा फोनवरच्या गणनयंत्रात मिळते. हे क्लिक मोजण्याची मापे दोन: कोनाचे एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर, एक मिल म्हणजे शंभर मीटरवर १० सेंटिमीटर. यातली कुठलीही एक भाषा निवडावी आणि तिच्यातच विचार करावा. मिनिटाचा स्कोप आणि मिलची जाळी अशी सरमिसळ करून पैसे वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

कठीण आहे तो वारा. .३०८ ची गोळी हजार यार्ड गाठायला सुमारे पावणेदोन सेकंद घेते. तेवढ्या वेळात ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला साधारण अडीच मीटर बाजूला नेतो. अमेरिकेतल्या एफ-क्लास या स्पर्धाप्रकाराच्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १० इंच व्यासाचे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १२-१३ सेंटिमीटर. वाऱ्याच्या अंदाजात ताशी दीड किलोमीटरची चूक झाली तर गोळी २५ सेंटिमीटर सरकते आणि दहा हुकतो. ताशी दीड किलोमीटर म्हणजे किती? उदबत्तीचा धूर जेमतेम कलतो, इतकाच. आणि हा वारा नेमबाजाजवळ एक, मध्यावर दुसरा, लक्ष्याशी तिसरा असू शकतो.

तो वाचण्याची साधने तीन. पहिले झेंडे. ते उशिरा बोलतात. जड ओले कापड तर आणखी उशिरा. दुसरे गवत, झाडांची पाने, धूळ. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे, मृगजळ, ज्याला रेंजवर सगळे मिराज म्हणतात. तिपाईवर ठेवलेली निरीक्षणाची दुर्बीण आधी लक्ष्यावर स्पष्ट करायची आणि मग फोकस किंचित अलीकडे आणायचा. लक्ष्य जरासे धूसर होते आणि त्याच्यासमोरून तापलेली हवा वाहताना दिसू लागते, उथळ ओढ्याच्या तळाशी उन्हाच्या रेघा हलताना दिसतात तशी. ती डावीकडून उजवीकडे धावत असेल तर वारा तिकडे. रेघा उंच आणि संथ असतील तर वारा मंद. आडव्या, सपाट, घाईच्या असतील तर जोराचा. आणि कधी कधी ती सरळ वर उकळते. नवशिक्याला वाटते वारा थांबला, मारून घ्यावे. खरे तर बहुतेक वेळा तो दिशा बदलण्याच्या बेतात असतो किंवा समोरून वा पाठीमागून येत असतो, आणि पुढच्या दोन सेकंदांत कुठल्याही बाजूला वळू शकतो. उकळी दिसली की बोट खटक्यावरून काढावे.

वाऱ्याची दिशा घड्याळाने मोजतात. लक्ष्य बाराला धरले तर तीनवरून येणारा वारा पूर्ण मोजायचा, एकवरून येणारा निम्मा. हे अंकगणित दहा मिनिटांत समजते. डोळ्यात मुरायला मात्र दोन-तीन हंगाम जातात, आणि इथे .२२ पुन्हा कामाला येते. ती मंद गोळी २०० यार्डांवर दीड मीटरच्या आसपास खाली येते. .३०८ ला सातशे-आठशे यार्डांवर जेवढे क्लिक द्यावे लागतात, तेवढे .२२ ला दोनशेवर. वाराही तिला तसाच ढकलतो. म्हणजे दोनशे यार्डांची साधी रेंज असेल तर थोड्या खर्चात लांब पल्ल्याचा जवळजवळ सगळा अभ्यास करता येतो. अमेरिकेत आता .२२ च्या अशा स्पर्धाच भरतात. मोठ्या रायफलीची नळी मात्र झिजते. .३०८ ची चांगली नळी पाच हजार गोळ्यांच्या आसपास नेम राखते, ६.५ क्रीडमोरची दोन-तीन हजार, मोठ्या मॅग्नम काडतुसांची हजार-दीड हजार. ज्याला अजून खटका दाबता येत नाही, त्याने तेवढ्यात नळी संपवावी याचे मला खरोखर वाईट वाटते.

या खेळाचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय रायफल संघटना १८५९ मध्ये स्थापन झाली आणि २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने पहिल्या स्पर्धेची पहिली गोळी उडवली. व्हिटवर्थ रायफल लोखंडी घोडीवर आधीच पक्की बसवलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. दहा वर्षांनी कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. तिथल्या उद्यानात त्यांचे स्मारक आजही आहे आणि जवळच्या पुलाला ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. त्यांनी दिलेल्या चषकासाठी १८७१ पासून सांघिक सामना सुरू झाला. १८९० मध्ये स्पर्धा विम्बल्डनहून बिस्लीला गेल्या, आणि तिथे कोल्हापूरच्या नावाचा तो चषक अजूनही लढवला जातो. आठ-आठ नेमबाजांचे संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर मारतात. इंग्रजी वळणाने लिहिलेल्या ‘कोलापोर’ या नावामागे कोल्हापूर आहे, हे आपल्याकडच्या किती नेमबाजांना माहीत असेल? कुस्तीच्या आखाड्यांइतकेच नेमबाजीचे नाव त्या जिल्ह्याने मिळवले आहे, आणि त्याचा एक धागा असा दीडशे वर्षे मागे जातो.

आज लांब पल्ल्याच्या स्पर्धांचे ठळक प्रकार असे. बिस्ली परंपरेतली टार्गेट रायफल: ७.६२ चे काडतूस, दुर्बीण नाही, छिद्राची साइट, खांद्याला स्लिंग, तीनशे ते हजार यार्ड. दुसरा एफ-क्लास, जो कॅनडाच्या जॉर्ज ‘फार्की’ फार्कहारसन यांच्या नावावरून ओळखला जातो. वयाने नजर आणि कोपर थकल्यावरही मारता यावे म्हणून त्यात दुर्बीण आणि टेकू चालतो. त्यातल्या एफ-टीआर गटात फक्त .२२३ आणि .३०८ आणि वजन ८.२५ किलोपर्यंत, खुल्या गटात काडतूस मोकळे, वजन १० किलोपर्यंत. तिसरा, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा ३०० मीटर प्रकार, ज्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास बरोबर १० सेंटिमीटर असतो. तो १९७२ च्या म्युनिकनंतर ऑलिंपिकमधून गेला, पण जागतिक अजिंक्यपदात टिकून आहे. चौथा, अमेरिकेत गेल्या बारा-पंधरा वर्षांत वाढलेला प्रिसिजन रायफलचा प्रकार: भिंतीवरून, छपरावरून, टायरवरून, वेळेच्या मर्यादेत लोखंडी पत्र्यांवर मारायचे. .५० च्या हजार यार्डांच्या स्वतंत्र स्पर्धा अमेरिकेत १९८५ मध्ये स्थापन झालेली संघटना घेते. नवशिक्याला मी एफ-टीआर सुचवतो. त्यात काडतूस निवडण्याचा घोळ नाही, झोपून शांतपणे मारायचे असते, आणि हरलो तर वाऱ्याने हरवले हे स्वच्छ दिसते.

भारतात राहून हे कितपत शक्य आहे, याचे उत्तर कायद्यात आहे आणि ते आधीच माहीत असलेले बरे. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. .३०३ आणि ७.६२ बोअरच्या, किंवा लष्कराची ती काडतुसे ज्यांत बसतात आणि उडतात अशा रायफली सामान्य नागरिकाच्या परवान्याबाहेर आहेत. .३०८ ची रायफल लष्करी ७.६२ काडतूस सामावून घेते, म्हणून जगभर ‘पहिली रायफल’ म्हणून जी सांगितली जाते, तीच आपल्याकडे बंद दारामागे आहे. परवान्यावर मिळते ती मुख्यतः ईशापूरच्या कारखान्याची .३१५, तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. ती मजबूत बंदूक आहे, पण लक्ष्यभेदाच्या स्पर्धेसाठी घडवलेली नाही, आणि हजार यार्डांचे स्वप्न तिच्यावर टाकू नये. मोठ्या बोअरच्या राष्ट्रीय स्पर्धा महूसारख्या लष्करी रेंजवर होतात आणि त्यांत बहुतांश लष्कर व निमलष्करी दलांचे नेमबाज असतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतले फुलबोअर, म्हणजे मोठ्या बोअरचे, सामनेही गुरगावजवळच्या कादरपूरला, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या रेंजवर झाले होते.

मग नागरिकाने काय करावे? जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त रायफल क्लबात नाव घालावे. दहा मीटरची .१७७ ची एअर रायफल, २० जूलच्या आत असेल तर, परवान्याविना चालते. आसन, श्वास आणि खटका यांचे शिक्षण तिच्यावर होते. मग क्लबाच्या देखरेखीखाली पन्नास मीटरची .२२. पुढची वाट राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. ही मावळंकर स्पर्धा ज्यांच्या नावाने भरते, ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. पुण्याला बालेवाडीची रेंज आहे, मुंबईला वरळीची. स्वतःच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. आपल्याकडे दोनशे-तीनशे यार्डांच्या, नागरिकांना खुल्या रेंज जवळजवळ नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. .२२ ने दोनशे यार्ड मारायला लष्करी काडतूस लागत नाही, लागते ती मागे भरभक्कम मातीचा बांध असलेली मोकळी जमीन आणि ती सांभाळणारी संस्था. एवढे झाले तरी वारा वाचणारी एक पिढी इथे तयार होईल.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अमेरिकेत एच-१बीसारख्या अस्थायी व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. याला मोजके अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे वैध शिकार परवाना. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणे किंवा तिथे भाड्याने घेणे हेसुद्धा त्या मनाईत येऊ शकते, आणि एका रविवारच्या हौसेपायी व्हिसा धोक्यात येऊ शकतो. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त क्लबात किमान तीन महिने उमेदवारी, मग पोलिसांकडून प्रमाणपत्र, मग रायफल, अशी वाट आहे. मला ती उमेदवारी आवडते. तीन महिने क्लबाच्या रायफलीवर मारल्यावर आपल्याला काय हवे ते माणसाला आपोआप कळते.

जिथे विकत घेता येते तिथे काय घ्यावे, याबद्दल थोडक्यात. पहिली मोठी रायफल .३०८ किंवा ६.५ क्रीडमोर. २००७ साली आलेल्या क्रीडमोरला वारा कमी लागतो, धक्काही कमी. .३०८ ची नळी जास्त टिकते आणि ती वाऱ्याबद्दल जास्त शिकवते. रायफलीवर जेवढा खर्च, जवळजवळ तेवढाच दुर्बिणीवर करायची तयारी ठेवावी, कारण क्लिक दिल्यावर तेवढेच सरकणारी आणि परत जागेवर येणारी दुर्बीण स्वस्तात मिळत नाही. काडतुसे एकाच बनावटीची घ्यावीत. सुरुवातीच्या वेगात सेकंदाला २० फुटांचा फरक पडला तर हजार यार्डांवर गोळी १५ ते २० सेंटिमीटर वरखाली होते, आणि नवशिक्या ते खापर स्वतःच्या श्वासावर फोडत बसतो. .३३८ आणि .५० चा विचार हजार यार्डांवर .३०८ ने सातत्याने काळ्यात मारता आल्यावर.

कानांविषयी मात्र मी आग्रही आहे. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४० च्या वरचा एकच धमाका कायमचे नुकसान करू शकतो. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. ब्रेक लावलेल्या रायफलीशेजारी तर दोन्हीशिवाय उभेही राहू नये. जुन्या नेमबाजांशी बोलताना उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा कान जास्त गेलेला आढळतो, कारण तो नळीच्या बाजूला असतो. मारून झाल्यावर शिसे हाताला लागलेले असते, म्हणून डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवावेत. आणि गोळीचा पल्ला लक्ष्यापाशी संपत नाही. .३०८ ची गोळी चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, .५० ची साडेसहा किलोमीटरहून पुढे. बांध नसलेल्या माळावर, शेताच्या कडेला, ‘पलीकडे कुणी नाही’ म्हणून मारणाऱ्याबरोबर मी कधीही झोपणार नाही.

पहिल्यांदा हजार यार्डांच्या रेषेवर झोपाल तेव्हा समोर एकसारखी वीस-पंचवीस लक्ष्ये ओळीने दिसतील, प्रत्येकाखाली नंबराची पाटी. २६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमोर माळावर, ज्याचे नाव आज त्या काडतुसाला आहे, आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात आठशे, नऊशे आणि हजार यार्डांचा सामना झाला. आयरिश संघाच्या मिल्नर यांनी अचूक मध्यभेद केला, पण शेजारच्या लक्ष्यावर. त्याचे शून्य गुण मिळाले. मध्याला तेव्हा चार गुण होते, आणि अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. गोळी निर्दोष होती, वारा बरोबर वाचलेला होता, हात स्थिर होता. प्रत्येक गोळीआधी पाटीवरचा नंबर वाचायचा, तो वहीत लिहायचा, मग दुर्बिणीत मृगजळ पाहायचे.